कान लावायची वेळ

त्याला सगळे कानसेन म्हणायचे, आणि खोटं कशाला बोला, त्याला ते आवडायचं. गाडी अजून रस्त्याच्या वळणावर असायची, गेटातून आत आलेलीही नसायची, तोच हा माणूस हातातला पाना खाली ठेवून सांगायचा, "तिसऱ्या सिलिंडरचा इंजेक्टर ठिबकतोय." उघडून बघावं तर तिसराच. गिऱ्हाईक तोंडात बोटं घालायचं आणि हा आपला हात पुसत उभा, जसं काही झालंच नाही. तीस वर्षं डिझेलच्या गाड्या त्यानं कानानं दुरुस्त केल्या. बाकीचे मेकॅनिक मीटर लावायचे, हा कान लावायचा.

त्याच्या शेडमध्ये एक रीत होती. टर्बोच्या, म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याच्या, पाइपांमध्ये हवा भरून गळती शोधायची वेळ आली की सगळ्यांनी बाहेर जायचं. गिऱ्हाईक असो, धाकटा भाऊ असो, नाहीतर चहा घेऊन आलेली बायको असो. दार लावून घ्यायचं, पंखा बंद, कॉम्प्रेसर बंद. आत फक्त तो आणि गाडी. पाच-सात मिनिटांनी दार उघडायचं. गळती असली तर त्या जागी खडूची फुली असायची, नसली तर तो एकच शब्द बोलायचा, "पास." त्यानं पास म्हटल्याशिवाय धाकटा डिझेलचं माप ठरवायला लॅपटॉप उघडायचा नाही. हवेचं खातं थोरल्याचं, डिझेलचं खातं धाकट्याचं, अशी वाटणी होती आणि तिच्यावरून दोघांत कधी तू तू मैं मैं झालेलं कुणी ऐकलं नव्हतं.

आता खरी गोष्ट सांगतो. तो कान गेला होता.

सगळा नव्हे. माणसांचं बोलणं ऐकू यायचं, इंजिनाची घरघर यायची, ट्रकचा हॉर्न तर छातीत वाजायचा. गेले होते ते वरचे, बारीक आवाज. शिट्टी गेली, फुस्स गेलं. म्हणजे नेमके टर्बोचे आवाज गेले, नशीब बघा. सुरुवातीला मोबाइलचा गजर ऐकू येईना, तर यानं मोबाइलच बिघडला म्हणून नवा आणला. नव्याचीही तीच बोंब. मग एक दिवस स्पेअर आणायला जातो असं सांगून तो शहराच्या दुसऱ्या टोकाला एका कानाच्या दवाखान्यात गेला. तिथल्या मुलीनं कानाला हेडफोन लावले आणि सांगितलं, आवाज आला की बोट वर करा. हा बहाद्दर अंदाजानं बोट वर करत बसला, परीक्षेत शेजाऱ्याचं बघून लिहावं तसा. मुलीच्या ते लगेच लक्षात आलं. तिनं कागदावरची रेघ दाखवली. डावीकडे, जाड आवाजांपाशी, बरी होती, उजवीकडे, बारीक आवाजांपाशी, धाडकन खाली गेली होती. मशिनांच्या आवाजात आयुष्य काढलं की असं होतं काका, ती म्हणाली, गेलेलं परत येत नाही, पण मशीन लावता येईल.

मशीन लावायचं म्हणजे ते सगळ्यांना दिसणार. कानसेनच्या कानात मशीन दिसलं की मग उरलं काय, नुसता सेन? त्यानं कागद फाडून नाल्यात टाकला आणि स्पेअर न घेताच घरी आला. या गोष्टीला तीन वर्षं झाली होती.

तेव्हापासून कान लावायची वेळ आली की तो दार लावून घ्यायचा, पाइप आवळून धरणारा प्रत्येक क्लॅम्प डोळ्यांनी बघायचा, हातानं हलवून बघायचा, पाच मिनिटं उगाच उभा राहायचा आणि बाहेर येऊन पास म्हणायचा. पहिल्या वर्षी दोन-तीन गाड्या परत आल्या. तेव्हा त्यानं नव्या रबरावर खापर फोडलं. पण पुढची दोन वर्षं एक म्हणून गाडी परत आली नाही. सुरुवातीला गेटात गाडी दिसली की तीच परत आली का म्हणून तो बघायचा, मग हळूहळू भीड चेपली. तीस वर्षांत आपले हातच शहाणे झालेत, कानाचं एवढं काही अडत नाही, असं त्याला वाटायला लागलं. माणूस स्वतःची समजूत काढायला किती हुशार असतो, हे काही मी सांगायला नको.

मग ड्रायव्हरबाईंची व्हॅन आली.

ड्रायव्हरबाई म्हणजे पन्नाशीची, दणकट, कपाळावर कायम आठी आणि जिभेवर कायम थट्टा. डोंगरातल्या वस्त्यांवरून डायलिसिसचे सहा पेशंट घेऊन ती आठवड्यातून तीनदा खालच्या हॉस्पिटलात यायची आणि संध्याकाळी त्यांना घरी पोचवायची. येताना उतार, त्याचं काही नाही. परत जाताना अकरा किलोमीटरचा चढ, गाडी भरलेली आणि माणसं थकून अर्धमेली. जुना डिझेल पंप झिजला होता, म्हणून तिनं मोठा पंप बसवायचा ठरवलं. मोठा पंप जास्त डिझेल देणार, टर्बो त्याच्या जोडीला जास्त हवा कोंबणार, गाडी चढणार. हिशेब सोपा होता.

नेमका त्याच आठवड्यात धाकटा तापानं फणफणला. कानसेननं पंप एकट्यानं बसवला. त्या व्हॅनमध्ये पंप अशा अवघड जागी आहे की टर्बोकडून येणारा जाड रबरी पाइप काढल्याशिवाय हात पोचत नाही. त्यानं पाइप काढला, पंप बसवला, पाइप परत चढवला, क्लॅम्प आवळला. मग कान लावायची वेळ आली. शेडमध्ये बाहेर काढायला कुणीच नव्हतं, तरी त्यानं दार लावून घेतलं. पाच मिनिटं उभा राहिला. दार उघडलं आणि रिकाम्या अंगणाला सांगितलं, "पास." लॅपटॉपवरचं ट्यूनिंग धाकटा बरा झाला की करू, तोवर जुन्याच सेटिंगवर चालवा, असं सांगून त्यानं गाडी दिली.

तिसऱ्या दिवशी दुपारी व्हॅन परत आली.

"मेस्त्री, पंप चढायला बसवलात की उतरायला?" ड्रायव्हरबाईंनी खाली उतरताच विचारलं. "काल दुसऱ्या गिअरच्या वर गेली नाही. मागे काळा धूर असा, की मागच्या ट्रकवाल्यानं हात जोडले मला."

"सेटिंग जुनं आहे ना, म्हणून," कानसेन म्हणाला. "नव्या पंपाला जुनं सेटिंग कसं चालेल?"

"आणि आवाजही काहीतरी वेगळा येतो. बारीक."

"नवा पंप आहे, रुळेल," तो म्हणाला खरा, पण बारीक हा शब्द त्याला आतपर्यंत लागला.

धाकटा त्या दिवशी पहिल्यांदाच अंथरुणातून उठला होता. गळ्याला मफलर, दाढी वाढलेली, वय सत्तेचाळीस, पण सगळ्या जगासाठी धाकटाच. त्यानं लॅपटॉपची वायर गाडीला लावली आणि बाईंना घेऊन मागच्या पुलाच्या चढावर चक्कर मारून आला. येऊन त्यानं पडदा थोरल्यापुढे धरला. टर्बोचा दाब हवा होता एक पूर्णांक दोन, मिळत होता शून्य पूर्णांक सहा. निम्मा.

"डिझेल भरपूर, हवा अर्धी. म्हणून धूर," धाकटा म्हणाला.

मग दोघे कामाला लागले आणि तासभर बरं चाललं. एअर फिल्टर काढून बघितला, स्वच्छ. इंजिन बंद असताना सेन्सर बाहेरचा दाब बरोबर दाखवत होता, म्हणजे सेन्सर शहाणा. जास्तीचा धूर टर्बोला चुकवून सोडणारी झडप असते, तिची दांडी धाकट्यानं हातपंप लावून हलवली, ती लोण्यातून फिरावी तशी फिरली. टर्बोचं पातं कानसेननं बोटानं फिरवलं, खेळ नाही, खरखर नाही. एकेक संशयित निर्दोष सुटत गेला. शेवटी दोनच गोष्टी उरल्या. एक तर सेटिंग, नाहीतर टर्बो आणि इंजिनाच्या मधून कुठेतरी हवा निसटतेय.

"तू परवा पास म्हटलं होतंस ना?" धाकट्यानं पडद्याकडे बघत विचारलं.

"म्हटलं होतं."

"परत एकदा बघतोस?"

कानसेननं बघतो म्हटलं. सगळे बाहेर गेले, दार लागलं. टर्बोच्या तोंडाला त्यानं लाकडी बूच ठोकलं, बुचाच्या व्हॉल्व्हमधून हवा भरली आणि कॉम्प्रेसर बंद केला. काटा हळूहळू उतरत होता, पण त्याला अर्थ नव्हता. थोडी हवा इंजिनाच्या आतूनही जातेच, म्हणून तर कान लागायचा. त्यानं डोकं बॉनेटखाली घातलं. शांत. अगदी शांत, थंडीत पहाटे अंगणात असतं तसं. त्या शांततेची त्याला भीती वाटली. इथे काहीतरी वाजत असेल, दोन वितींवर वाजत असेल, आणि आपण दगडासारखे उभे आहोत. त्यानं डावा कान लावला, उजवा लावला. क्लॅम्प हलवून बघितले, सगळे घट्ट. मग नेहमीसारखं दार उघडलं.

"पास," तो म्हणाला. "गळती नाही. सेटिंगचाच घोळ आहे. डिझेल वाढव, टर्बो आपोआप जागा होईल."

धाकटा स्टुलावर बसला. लॅपटॉप मांडीवर घेतला. उघडला, बंद केला. परत उघडला.

"वायर सैल आहे वाटतं," तो म्हणाला.

"मघाशी बरी होती ती."

"बॅटरी पण कमी आहे."

"चार्जर लाव की मग. काय नव्या नवरीसारखा लाजतोयस?"

धाकट्यानं चार्जर लावला. मग तो इतक्या हळू बोलला, की ओठ दिसत नसते तर कानसेनला कळलंही नसतं. "दादा, एकदा साबणाचं पाणी मारून बघूया का?"

झालं. कानसेनचा पारा चढला. "साबणाचं पाणी? सायकलचं पंक्चर आहे का हे? तीस वर्षांत या शेडमध्ये साबणाची बाटली लागली नाही. मी पास म्हणतो तर पास. माझ्या खात्यात तू कधीपासून नाक खुपसायला लागलास?"

धाकट्यानं मफलर घट्ट केला. वाद नाही, उलट उत्तर नाही, पण लॅपटॉपला हातही नाही. थोरल्याच्या डोक्यात भलतंच चक्र सुरू झालं. याला आता शेड हवीय. लॅपटॉप आला, तेव्हापासून हा शहाणा झालाय, म्हाताऱ्याला बाजूला सारायचा विचार दिसतोय. रागाला एक बरं असतं, तो सुरू झाला की भीतीला जागा उरत नाही.

पण भीती गेली नव्हती. डिझेल वाढवायचं म्हणजे काय, हे धाकट्याइतकंच त्यालाही ठाऊक होतं. खरंच गळती असली आणि वर डिझेल ओतलं, तर हवेविना ते जळणार अर्धंमुर्धं, इंजिन तापणार, आणि भरल्या गाडीत अकरा किलोमीटरच्या चढावर टर्बो जळून गाडी जागेवर बसणार. मागे पेशंट असताना.

ड्रायव्हरबाई इतका वेळ दाराला टेकून उभी होती. ती पुढे आली.

"हे बघा, उद्या सकाळी माझी सहा माणसं वाट बघणार," ती म्हणाली. "एक दिवस चुकला तरी त्यांचे पाय सुजतात, श्वास लागतो. मागच्या वर्षी चढावर गाडी बंद पडली होती. दुसरी गाडी येईपर्यंत दोन तास मी एका आजींचा हात धरून बसले होते. त्या मला म्हणाल्या, पोरी, घाबरू नकोस. मला म्हणाल्या त्या, कळलं का? म्हणून एवढा पंप घातला मी." तिनं धाकट्याच्या लॅपटॉपकडे हात केला. "या डब्यातलं मला काही कळत नाही. मेस्त्री, तुम्ही तुमच्या कानानं ऐकलंत ना? मग मला दुसरं काही नको. वाढवा डिझेल, मी निघते."

व्हॅनचं मागचं दार उघडं होतं. आत सहा उशा होत्या. हॉस्पिटलच्या नव्हेत, घरच्या. कुणाची फुलाफुलांची, कुणाची जुन्या शर्टाच्या कापडाची, एकीला लहान मुलाच्या रजईचा तुकडा लावलेला. प्रत्येकानं आपली उशी घरून आणून आपल्या जागेवर सुतळीनं बांधून टाकली होती.

कानसेन त्या उशांकडे बघत राहिला. हो म्हणायला एक शब्द लागत होता, आणि तो शब्द तो तीन वर्षं रोज म्हणत आला होता. या वेळी तो तोंडाशी येऊन अडकला.

"नाही," तो म्हणाला.

"काय नाही?"

"नाही ऐकलं मी." त्यानं हातातलं फडकं बेंचवर ठेवलं, परत उचललं, परत ठेवलं. "बाई, मला ती शिट्टी ऐकू येत नाही. गळती असली काय नि नसली काय, मला सारखंच. तीन वर्षं झाली. दार लावतो ते त्यासाठीच. आत नुसता उभा राहतो आणि बाहेर येऊन पास म्हणतो."

 इतकी वर्षं या क्षणाला तो घाबरत आला होता, आणि क्षण तर आला होता. आता बाई ओरडेल, गावभर करेल, गाडी ओढून दुसरीकडे नेईल. त्याला वाटलं जमीन फाटावी. धाकट्याकडे बघायची तर हिंमतच झाली नाही.

ड्रायव्हरबाईनं त्याच्या तोंडाकडे बघितलं. माझा हा विश्वासाचा माणूस, असं म्हणत चार गावांत त्याची शिफारस करणारी बाई ती, तिला धक्का बसला नाही असं कसं म्हणू. पण सहा माणसांना डोंगर चढवणाऱ्या बाईला उगाच रडगाणं गायला वेळ नसतो.

"बरं," ती म्हणाली. "मग आता काय करायचं ते सांगा. माझे कान शाबूत आहेत."

"दार उघडंच ठेव," कानसेन धाकट्याला म्हणाला. "हवा भर. आणि ते साबणाचं पाणी कर."

धाकटा उठला. पाणी करायला नळाकडे गेला नाही. जुन्या टायरांच्या मागे वाकला आणि तिथून एक फवाऱ्याची बाटली काढून घेऊन आला. हवा भरली, कॉम्प्रेसर बंद झाला, आणि बाई लगेच म्हणाली, "अहो, हे काय, खालून येतंय की. चांगलं ऐकू येतंय." धाकट्यानं मान डोलावली, पण स्वतः वाकला नाही. त्यानं बाटली थोरल्याच्या हातात दिली.

कानसेननं फवारा मारला. वरच्या बाजूला काही नाही. मग हात खाली घालून पाइपाच्या पोटाला मारला, तर पांढरा फेस नुसता उसळून आला. त्यानं ओल्या हाताची मागची बाजू तिथे धरली. गार झुळूक लागली, बारीक, सुरीच्या पात्याएवढी. जे कानाला तीन वर्षं ऐकू आलं नव्हतं ते कातडीला एका क्षणात कळलं.

टॉर्च धरून बघितलं तर चूक त्याचीच होती. लोखंडी नळीच्या टोकाला एक उंचवटा असतो, क्लॅम्प त्याच्या मागे बसायला हवा. घाईत खालच्या बाजूनं तो उंचवट्यावरच चढला होता. वरून बघितला तर सरळ, हातानं हलवला तर घट्ट. आणि दाब वाढला की खालून रबर उचलून हवा बाहेर.

"माझंच," तो म्हणाला. "पंप बसवताना मीच वाकडा बसवला."

जुना क्लॅम्प वाकला होता, त्यानं नवा घातला, पाइप पुरता आत ढकलला आणि क्लॅम्प उंचवट्याच्या मागे नेऊन आवळला. परत हवा, परत साबण. एक बुडबुडा आला नाही. "पास का?" ड्रायव्हरबाईनं विचारलं. कानसेननं तिच्याकडेच हात केला, तेव्हा तीच म्हणाली, "पास. मी ऐकलं, काही वाजत नाही." तेवढ्यात कानसेनची बायको चहा घेऊन आली आणि बाईंना जबरदस्तीनं ओट्यावर बसवून घेऊन गेली.

ट्यूनिंगला दोघे भाऊच निघाले. धाकटा गाडी चालवणार, थोरला मांडीवर लॅपटॉप घेऊन आकडे वाचणार. पहिली फेरी जुन्या सेटिंगवर. पुलाच्या चढावर दाब एक पूर्णांक एकपर्यंत गेला. खाली येऊन धाकट्यानं गाडी बाजूला घेतली, थोडं डिझेल वाढवलं, परत चढ. परत खाली. आरशात धूर बघायचा, पडद्यावर तापमान बघायचं, एक पायरी पुढे जायचं. घाईचं काम नव्हे हे. भाजीत मीठ घालतात तसं थोडं थोडं घालून चव बघत जायचं.

तिसऱ्या फेरीला खाली आल्यावर कानसेन म्हणाला, "ती बाटली नवी नाही."

धाकट्यानं हँडब्रेक ओढला.

"लेबल पुसलंय तिच्यावरचं," थोरला म्हणाला. "चाप ढिला झालाय. कधीपासून आहे?"

"दोन वर्षं."

"तुला माहीत होतं."

"वहिनीला आधी कळलं. मग तिनं मला सांगितलं." धाकट्यानं मफलर सैल केला. "तू जेवायला गेलास की मी मागे थांबायचो. हवा भरायची, साबण मारायचा, कुठे असलं तर नीट करून टाकायचं. दहा मिनिटांचं काम असायचं. आणि तुझं बहुतेक वेळा बरोबरच असायचं, दादा. दहातल्या नऊ गाड्यांना काही करावं लागायचं नाही."

कानसेनला जेवणाची वेळ आठवली. दोन वर्षं रोज धाकटा जेवायला उशिरा यायचा, आणि रोज हा त्याला सगळ्यांसमोर रेंगाळ्या म्हणायचा, हात धुवायला तुला अर्धा तास लागतो का म्हणून झापायचा. धाकटा मान खाली घालून निवलेलं जेवण जेवायचा. बायको पानात वाढता वाढता कधीच काही बोलली नव्हती. आपले हात शहाणे झालेत, असं जे याला वाटत होतं ते हात दुसऱ्याचेच होते. आणि या वेळी धाकटा तापानं पडला, म्हणून गाडी परत आली. एवढंच त्याचं कारण होतं.

"मला वेड्यात काढलंत तुम्ही दोघांनी," तो म्हणाला. राग यायला हवा होता, तो आणायचा त्यानं प्रयत्न केला. "सांगायचं नाही होय?"

"तू सांगशील म्हणून थांबलो होतो."

"आणि आज सांगितलं नसतं तर? बाई निघालीच होती. मी पास म्हटलं होतं. काय केलं असतंस?"

धाकट्यानं गाडीच्या किल्लीवर बोट ठेवलं. "ही मघापासून माझ्या खिशात होती. तू मारलं असतंस तरी दिली नसती. हरवली म्हणून सांगितलं असतं. शोधायला लावली असती तुम्हाला आणि रात्री तू झोपल्यावर गळती काढली असती."

"आणि मी तुला शिव्या घातल्या असत्या."

"त्या काय, तू रोजच घालतोस."

कानसेननं तोंड खिडकीकडे वळवलं. त्याला रडू आलं होतं आणि ते त्यानं लपवलंही नाही. तीन वर्षं एकटाच एक ओझं डोक्यावर घेऊन चालतोय असं त्याला वाटत होतं, आणि दोन माणसं दोन वर्षं त्याला खालून हात लावून चालत होती. लाज वाटत होतीच. पण लाजेपेक्षा मोठं असं काहीतरी छातीत भरून आलं होतं आणि त्याला काय म्हणायचं ते त्याला कळत नव्हतं. त्यानं फडक्यानं नाक पुसलं, फडक्याचं काळं नाकाला लागलं. धाकट्यानं ते बघितलं आणि सांगितलं नाही.

"चल," थोरला म्हणाला. "शेवटची फेरी मार."

धाकट्यानं गाडी चढाला लावली. दुसरा गिअर, तिसरा. पाठीला सीट टेकली, एवढी ओढ लागली. आरशात धूर नाही. कानसेननं आकडा वाचला, एक पूर्णांक दोन, आणि तो तिथेच थांबला, हलला नाही. गाडी तिसऱ्यावरच वर निघाली. इंजिनाची जाड घरघर त्याला ऐकू येत होती. तिच्या वर जे असायला हवं होतं त्या जागी काहीच नव्हतं.

"वाजतोय का रे टर्बो?" त्यानं विचारलं.

"वाजतोय."

"कसा?"

धाकट्यानं ओठांचा चंबू करून शिट्टी घातली. कानसेनला फक्त गाल आत गेलेले दिसले. त्यानं नाही म्हणून मान हलवली. धाकट्यानं शिट्टीचा सूर खाली आणला. थोरल्यानं परत मान हलवली. तशी तापातून उठलेला तो सत्तेचाळीस वर्षांचा बाप्या घशातून, छातीतून आवाज काढायला लागला, लहान पोरं लाकडाची मोटार चालवताना काढतात तसा, जाड आणि लांब, आणि गाडी जसा वेग घेईल तसा तो चढवत न्यायला लागला.

"आता येतो?" मध्येच श्वास घेऊन त्यानं विचारलं.

"येतो," कानसेन म्हणाला.

चढ संपेपर्यंत धाकट्यानं तो आवाज थांबवला नाही.